कुबट धान्य आणि मूत्रपिंड

चालकांनी यंदा आमच्याकडे विषय मागितला तेव्हा आम्ही ‘कुबट धान्य आणि मूत्रपिंड’ असे सांगितले. पलीकडे क्षणभर शांतता पसरली. हमालांची संघटना बांधण्यात ज्याची उमेद गेली त्याने मजुरीच्या दरावर बोलावे, फार तर १९६९ च्या माथाडी कायद्यावर बोलावे. मूत्रपिंडाचे प्रकरण डॉक्टरांवर सोपवावे, असे त्यांना वाटले असल्यास नवल नाही. आम्ही डॉक्टर नाही. आमची शाळा नववीत सुटली. पुढे जे काही समजले ते वाचनालयातल्या पुस्तकांतून आणि डॉक्टर मित्रांना पुनःपुन्हा तोच प्रश्न विचारून. परंतु धान्याच्या गोदामांत आमची तीस वर्षे गेली आहेत. पावसाळ्यात बंद गोदामाचे दार सरकवले की आतून जो कुबट वास येतो, तो आम्ही डोळे मिटून ओळखतो. आणि त्या वासाशी आमचा एक जुना हिशेब राहिला आहे. तो आधी सांगतो, म्हणजे हा विषय आम्ही का घेतला ते कळेल.

पोती उतरताना, थप्पी रचताना, हुकाने पोते ओढताना दाणे सांडतात. ते झाडून, पाखडून, खडे-माती काढून घेणाऱ्या बायका धान्याच्या बाजारात असतात. या सांडलेल्या धान्याला झाडण म्हणायचे. पूर्वी व्यापारी ते आपल्या मर्जीने द्यायचा आणि मर्जी फिरली की अडवायचा. एका बाजारात आम्ही भांडून ठरवून घेतले की झाडण बायकांचे. त्या दिवशी बायकांनी आमच्यावर गुलाल उधळला होता. पुढच्याच पावसाळ्यात तेथल्या एका गोदामाचे छप्पर गळले. कोपऱ्यातली गव्हाची थप्पी खालून भिजली, दाणे एकमेकांना चिकटून गठ्ठे झाले, त्यांवर हिरवट-निळी बुरशी आली. मालकाने वरची चांगली पोती उचलली, खालचे गठ्ठे फरशीवर ओतले आणि म्हणाला, “घ्या. हे झाडण. तुमच्या करारात तुमचेच आहे.” बायकांनी ते फोडले, धुतले, उन्हात वाळवले आणि दळून आणले. आम्ही तेथे उभे होतो. अन्न वाया गेले नाही म्हणून आम्हांला बरेच वाटले.

त्या गव्हाने कोणाचे मूत्रपिंड बिघडले असा आरोप आम्ही करीत नाही; तसा पुरावा आमच्यापाशी नाही. पण बुरशी धुतली म्हणजे विष गेले, ही आमची त्या वेळची समजूत अज्ञानाची होती, हे पुष्कळ वर्षांनी वाचनात आले. तेव्हापासून हा विषय आमच्या मानगुटीवर बसला आहे.

बुरशी ही काही सगळीच वाईट नव्हे. पेनिसिलीन बुरशीनेच दिले. तथापि ओलसर दाण्यावर वाढणाऱ्या काही बुरश्या अशी द्रव्ये तयार करतात की जी खाणाऱ्या प्राण्याला बाधतात. या विषांकडे जगाचे लक्ष वेधले ते १९६० साली इंग्लंडमध्ये, टर्की पक्ष्यांचे कळपच्या कळप मरू लागले तेव्हा. शोध घेता बुरसलेल्या भुईमुगाच्या पेंडीत अफ्लाटॉक्सिन सापडले. ते यकृतावर घाला घालते. आपल्या शेजारी, राजस्थानातील बांसवाडा आणि गुजरातेतील पंचमहाल या भागांत, १९७४ च्या हिवाळ्यात बुरशी आलेला मका खाऊन ३९७ माणसे काविळीने पडली आणि त्यांतली १०६ दगावली. बहुतेक आदिवासी होती. एवढी माणसे एकदम मेली म्हणून ते प्रकरण उघडकीस आले. आजचे विष त्याचेच भाऊबंद आहे, पण स्वभावाने निराळे. ते गाजावाजा करीत नाही.

अफ्लाटॉक्सिनच्या शोधानंतर ठिकठिकाणचे शास्त्रज्ञ धान्यावरील बुरश्या एकेक करून तपासू लागले. १९६५ साली दक्षिण आफ्रिकेत व्हान डर मर्व्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ॲस्परजिलस ऑक्रेशियस नावाच्या बुरशीतून एक नवे विष वेगळे काढले. ही बुरशी पिवळ्या मातीच्या रंगाची असते. त्या रंगावरूनच तिचे नाव, आणि तिच्या नावावरून विषाचे नाव ऑक्राटॉक्सिन ‘अ’. पुढे दिसून आले की थंड देशांत हेच विष दुसरी एक बुरशी, पेनिसिलियम व्हेरुकोसम, तयार करते. उबदार हवेत पहिली आणि तिची भावंडे, थंडीत दुसरी, असा हा दोन पाळ्यांचा कारखाना आहे. गहू, बार्ली, राय, मका यांत ते सापडते. कॉफीत, बेदाण्यांत, मसाल्यांत, द्राक्षाच्या दारूतही सापडते.

विष सापडले, पण ते करते काय, याचे उत्तर डेन्मार्कच्या डुकरांनी दिले.

डेन्मार्क हा डुकरे पाळणारा देश. तेथे खाटीकखान्यात प्रत्येक जनावर कापल्यावर त्याचे अवयव तपासण्याची शिस्त जुनी आहे. १९२८ सालीच लार्सेन नावाच्या पशुवैद्याने नोंदवले होते की काही डुकरांची मूत्रपिंडे फिकी आणि सुजलेली निघतात आणि बुरसलेली राय खाणाऱ्या कळपांत हे घडते. ओल्या हंगामानंतर अशी मूत्रपिंडे वाढत. जिवंतपणी ती डुकरे फार पाणी पीत आणि फार लघवी करीत. एवढीच काय ती खूण. कारण मात्र चाळीसएक वर्षे कळले नाही. १९७० नंतरच्या काही वर्षांत पाले क्रोग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या चाऱ्यात ऑक्राटॉक्सिन दाखवून दिले. मग त्यांनी उलट बाजूनेही खात्री केली. निरोगी डुकरांना दर किलो चाऱ्यात २०० ते ४,००० मायक्रोग्रॅम विष मिसळून तीन-चार महिने खाऊ घातले, आणि तोच रोग तंतोतंत उभा केला. नुसती शंका आणि शाबीत झालेला गुन्हा यांतला फरक आम्हांला कामगार न्यायालयाने चांगला शिकवला आहे. क्रोग यांचे काम वाचताना म्हणूनच आनंद झाला. आरोप, पुरावा, उलटतपासणी, सगळे जागच्या जागी.

पुढे डेन्मार्कने नियम केला. मूत्रपिंड डोळ्यांना संशयास्पद दिसले की त्यातले विष मोजायचे; दर किलोला २५ मायक्रोग्रॅमहून अधिक भरले तर सबंध डुक्कर बाद. मूत्रपिंडच का मोजायचे? तर शरीरात या विषाचा सर्वांत मोठा साठा तेथे सापडतो. यकृतात त्याहून कमी, मांसात आणि चरबीत आणखी कमी. दूषित चारा थांबवून महिना लोटला तरी डुकराच्या मूत्रपिंडात त्याचा अंश सापडतो.

हे तेथेच का साचते, हा या व्याख्यानाचा गाभा आहे. तेव्हा जरा सावकाश जाऊ.

आपल्या प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे दहा लाख सूक्ष्म गाळण्या आहेत, आणि प्रत्येक गाळणीला एक लांब, वळणावळणाची नळी जोडलेली आहे. दिवसभरात या गाळण्यांतून सुमारे १८० लिटर पाणी खाली उतरते. एवढे सगळे लघवीवाटे गेले तर माणूस तासाभरात कोरडा पडेल. म्हणून नळीच्या भिंतीतल्या पेशी त्यातले पाणी, साखर, मीठ परत उचलून रक्तात घालतात, आणि शेवटी दीड-दोन लिटर लघवी उरते. यातले सर्वांत कष्टाचे काम नळीचा पहिला, वळणांचा भाग करतो. या पेशींचे आणखी एक काम आहे. जी नको असलेली द्रव्ये गाळणीतून उतरत नाहीत, ती मागच्या बाजूच्या रक्तातून ओढून घ्यायची आणि पुढच्या बाजूने नळीत टाकायची. त्यासाठी पेशींच्या मागच्या भिंतीवर प्रथिनांचे वाहक बसवलेले असतात. त्यांना आम्ही आमच्यापुरते हमाल म्हणतो. शरीराने स्वतः नेमलेले हे हमाल रात्रंदिवस पाठीवरून कचरा वाहतात.

आता ऑक्राटॉक्सिन रक्तात आले की काय होते पाहा. रक्तात अल्ब्युमिन नावाचे प्रथिन असते. हे विष त्याला इतके घट्ट चिकटते की शंभरातले नव्व्याण्णवहून अधिक भाग चिकटलेलेच राहतात. अल्ब्युमिन आकाराने मोठे, ते गाळणीतून उतरत नाही. त्याच्या पाठीवर बसलेले विषही उतरत नाही. म्हणजे शरीराबाहेर जाण्याचा सरळ रस्ता जवळजवळ बंद. राहिला हमालांचा रस्ता. हे विष आम्ल जातीचे असल्याने त्या वाहकांना ते उचलण्याजोगा माल वाटते, आणि ते त्याला रक्तातून ओढून पेशीत आणतात. येथवर शरीराचे काही चुकले नाही. पण पुढच्या दाराने बाहेर टाकण्याचे काम मंद चालते, आणि जे थोडे नळीत पडते त्यातलेही काही नळीच्या पेशी पाण्याबरोबर पुन्हा आत उचलतात. आत येणारे गाडे जोरात, बाहेर जाणारे धिमे. अशा गोदामात माल साचणारच. यकृत पित्तावाटे काही विष आतड्यात सोडते, तर आतडे तेही पुन्हा शोषून रक्तात पाठवते. थोडक्यात, मूत्रपिंड आपले काम मन लावून करते, म्हणूनच ते विष त्याच्या पदरात पडते. कामचुकार अवयवाच्या वाट्याला हे आले नसते. हे वाचले त्या रात्री आम्हांला बराच वेळ झोप आली नाही, हे येथे कबूल करायला हरकत नाही.

साचते म्हणजे किती साचते, हेही मोजता येते. शरीरातले विष निम्मे व्हायला लागणारा काळ प्रत्येक प्राण्यात निराळा आहे. कोंबडीच्या रक्तात तो अवघा चार तासांचा, डुकरात तीन ते पाच दिवसांचा, माकडाच्या एका जातीत वीसेक दिवसांचा. माणसाचे काय? २००० साली स्वित्झर्लंडमधील संशोधकांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एका स्वयंसेवकाने खूण केलेले विष अगदी सूक्ष्म मात्रेत स्वतः घेतले आणि महिनोन् महिने रक्त तपासू दिले. त्याच्या शरीरात निम्मे व्हायला सुमारे ३५ दिवस लागले. एकाच माणसाचा हा आकडा आहे, हे लक्षात ठेवून आपण पुढचे गणित करू.

समजा, कोणी रोज एक मात्रा विष खातो. मात्रा किती लहान ते सध्या सोडा. पहिल्या दिवशी शरीरात एक मात्रा. पस्तीस दिवसांनी पस्तीस असायला हव्या होत्या; काही बाहेर गेल्याने सुमारे पंचवीस उरतात. सत्तर दिवसांनी साडेसदतीस. तीन-साडेतीन महिन्यांनी चव्वेचाळीसच्या आसपास. मग हळूहळू पन्नासच्या जवळ जाऊन तेथे स्थिरावते, कारण तेवढ्या साठ्यातून रोज बाहेर जाणारे आणि रोज आत येणारे सारखे होते. म्हणजे ताटात एक मात्रा दिसते तेव्हा अंगात पन्नास असतात. डुकराचे हेच गणित केले तर पाच-सहा मात्रांवर थांबते. सावकाराच्या वहीशी ज्यांचा संबंध आला आहे त्यांना हे शिकवावे लागणार नाही. हप्ता कधी चुकत नाही, तरी मुद्दल उभेच. खाणे थांबवले तर साठा उतरतो, पण पाच-सहा महिने लागतात. आणि डुक्कर सहा-सात महिने जगते, माणूस साठ-सत्तर वर्षे.

साचलेले विष पेशीचे नुकसान करते कसे? या विषाच्या रेणूचे एक टोक हुबेहूब फेनिलॲलॅनिन या द्रव्याचे आहे. आपली प्रथिने ज्या विटांनी बांधली जातात त्यांपैकी ती एक वीट. पेशीतला कारागीर वीट समजून हे विष हातात घेतो आणि त्याचा हात अडकतो. प्रथिनांचे बांधकाम रखडते. याखेरीज पेशीत शक्ती निर्माण करणाऱ्या भट्ट्या बिघडतात, जळजळीत प्राणवायूचे अवशेष वाढतात आणि पेशीविभाजनात गोंधळ होतो. यांपैकी कोणते नुकसान आधी आणि कोणते मागाहून, यावर शास्त्रज्ञांचे वाद चालू आहेत. शेवट मात्र डुकरांत स्पष्ट दिसतो. नळीच्या पहिल्या भागातल्या पेशी झडतात, नळ्या आक्रसतात, त्यांच्या मधल्या जागेत तंतूंचे जून, राठ ऊतक भरते. आणि शेवटी गाळण्याही निकामी होतात. नळ्या आधी गेल्यामुळे पाणी परत उचलण्याची ताकद जाते. डुकरे फार पाणी पीत ती याचसाठी.

उंदरांत तर याहून पुढचे दिसले. अमेरिकेत १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या दीर्घ प्रयोगात हे विष दिलेल्या उंदरांना, विशेषतः नरांना, मूत्रपिंडाचा कर्करोग झाला. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने १९९३ मध्ये त्याला ‘माणसात कर्करोग घडवण्याची शक्यता असलेले’ या वर्गात घातले.

एक गंमत सांगतो. गाईगुरांना हे विष फारसे बाधत नाही. त्यांच्या पोटाच्या पहिल्या कप्प्यात जे सूक्ष्म जीव असतात ते या रेणूचे दोन तुकडे करून टाकतात, आणि उरलेला तुकडा बहुतांशी निरुपद्रवी असतो. तेव्हा ‘आमच्या बैलाने खाल्ले, त्याला काही झाले नाही’ हा युक्तिवाद येथे चालणार नाही. बैलाचे पोट आपल्यापाशी नाही.

डुकरांचे शाबीत झाले. मग माणसांचे काय? येथे आम्हांला श्रोत्यांना युरोपाच्या आग्नेय कोपऱ्यात, बाल्कन प्रदेशात न्यावे लागेल. डॅन्यूब नदीला मिळणाऱ्या उपनद्यांच्या काठी, सर्बिया, बोस्निया, क्रोएशिया, बल्गेरिया आणि रुमानिया येथील काही गावांत मूत्रपिंडाचा एक विचित्र रोग आहे. बल्गेरियात व्रात्साच्या बाजूला १९५६ साली तान्चेव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, सर्बियात लाझारेवाट्सच्या बाजूला १९५७ साली दानिलोविच यांनी त्याचे वर्णन केले. रोगी शेतकरी. वय बहुधा चाळिशी-पन्नाशीचे, मुलांना नाही. रक्तदाब सुरुवातीला वाढत नाही, अंगावर सूज नाही; माणूस फिका पडतो, थकतो, आणि तपासावे तो मूत्रपिंडे आक्रसून गेलेली. पुष्कळांना मूत्रवाहिनीचा कर्करोगही होतो. रोग एका गावात आहे आणि दोन कोसांवरच्या गावात नाही. घराण्यात दिसतो, पण रक्ताने चालत नाही. कारण बाहेरून लग्न होऊन आलेली सून पंधरा-वीस वर्षांत त्याच घरात आजारी पडते, आणि तरुणपणी गाव सोडून गेलेला मुलगा वाचतो. म्हणजे कारण घरात आहे, ताटात आहे.

डेन्मार्कच्या डुकरांचे आणि या शेतकऱ्यांचे मूत्रपिंड सूक्ष्मदर्शकाखाली पुष्कळसे सारखे दिसते, हे क्रोग यांच्याच लक्षात आले. शेतकरी घरचे धान्य घरीच, ओलसर कोठारात साठवीत. क्रोएशियातल्या बाधित गावातील धान्य तपासले तर त्यात ऑक्राटॉक्सिन निघाले. रोग्यांच्या रक्तातही निघाले. खटला तयार झाला असे वाटावे अशी ही परिस्थिती. पुढची तीसेक वर्षे बहुतेक पुस्तकांत गुन्हेगार म्हणून याच विषाचे नाव होते.

आम्ही संघटनेच्या चौकशांत शेकडो वेळा पाहिले आहे की गोदामात चोरी झाली की ज्याच्यावर एकदा डाग आहे त्याला आधी धरतात. येथेही थोडे तसेच झाले. आरोपीची बाजू पाहिली तर ऑक्राटॉक्सिन साऱ्या युरोपातल्या लोकांच्या रक्तात थोडे थोडे सापडते. मग रोग त्या गावांपुरताच का? सर्बियात इविच नावाच्या संशोधकाने १९६९ सालीच दुसरे नाव सुचवले होते. या प्रदेशातल्या गव्हाच्या शेतांत ॲरिस्टोलोकिया जातीचे एक तण माजते. त्याचे बी गव्हाबरोबर कापले जाते, दळले जाते, पावात जाते. त्याच्याकडे फार कोणी लक्ष दिले नाही. नंतर बेल्जममध्ये एक प्रकरण घडले. ब्रुसेल्समधील एका वजन घटवण्याच्या दवाखान्यात स्त्रियांना चिनी वनस्पतींच्या गोळ्या देत. त्यांत एका वनस्पतीऐवजी चुकून ॲरिस्टोलोकियाची दुसरी जात गेली, आणि धडधाकट स्त्रियांची मूत्रपिंडे एक-दोन वर्षांत आक्रसली. १९९३ साली ते प्रसिद्ध झाले. बाल्कन रोगाशी त्याचे साम्य पाहून जुना कागद पुन्हा उघडला गेला. २००७ साली ग्रोलमन आणि त्यांच्या क्रोएशियातील सहकाऱ्यांनी रोग्यांच्या मूत्रपिंडातल्या आणि गाठींतल्या जनुकद्रव्यावर त्या तणाच्या आम्लाची खूण, बोटाच्या ठशासारखी, दाखवून दिली. आज बाल्कन रोगाचा मुख्य गुन्हेगार म्हणून त्या तणाचेच नाव घेतले जाते. बुरशीचे विष त्यात साथीदार असेल असे काही जण म्हणतात. पण मुख्य आरोपातून ते सुटले.

येथे एक आडवळण घेतो, कारण ते आपल्या घरापर्यंत येते. त्याच ॲरिस्टोलोकिया कुळातली एक वेल आपल्या कोकणात आणि घाटावर रानात वाढते. तिला सापसंद किंवा ईश्वरी म्हणतात, आणि गावठी औषधात तिची मुळी उगाळून देतात. मूत्रपिंड जाळणारे ते आम्ल तिच्यातही आहे. श्रोत्यांपैकी कोणाच्या घरी ती मुळी डब्यात असेल, तर ती पोटात घेऊ नये एवढे सांगून आम्ही मूळ रस्त्यावर येतो.

बाल्कनमधून सुटले म्हणून ऑक्राटॉक्सिन निर्दोष ठरत नाही. डुकरांचा पुरावा जेथल्या तेथे आहे. त्यावरूनच जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न-कृषी संघटना यांच्या संयुक्त समितीने माणसासाठी एक मर्यादा काढली. डुकराला रोज दर किलो वजनामागे ८ मायक्रोग्रॅम विषाने मूत्रपिंडात बिघाड दिसू लागतो. त्याला ५०० ने भागून, आठवड्याचा हिशेब करून, दर किलो वजनामागे १०० नॅनोग्रॅम. पन्नास किलोच्या माणसाला आठवड्याला ५ मायक्रोग्रॅम. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने तर २०२० साली आपली जुनी साप्ताहिक मर्यादा मागेच घेतली. कर्करोगाची शंका फिटलेली नसताना ‘इतके चालेल’ असे म्हणता येत नाही, असे त्यांचे म्हणणे.

दुसऱ्या बाजूने, आंतरराष्ट्रीय व्यापारात गहू, बार्ली आणि राय यांसाठी दर किलोला ५ मायक्रोग्रॅम ही मर्यादा २००८ पासून आहे. पाच मायक्रोग्रॅम म्हणजे किती? हजार टन गव्हात पाच ग्रॅम. पन्नास किलोची वीस हजार पोती रचा, आणि त्या सगळ्यांत मिळून चहाचा एक चमचाभर. हे ऐकून हायसे वाटेल. पण आता ताटाकडे पाहा. अंगमेहनत करणारा आणि ज्याच्या ताटात पोळी-भाकरीखेरीज फारसे काही नाही असा माणूस रोज चारशे ग्रॅम धान्य सहज खातो. आठवड्याला २ किलो ८०० ग्रॅम. ते सगळे धान्य कायद्याच्या काठावर असेल तर पोटात आठवड्याला १४ मायक्रोग्रॅम जातील, सुरक्षित मात्रेच्या जवळजवळ तिप्पट. सगळे धान्य काठावर नसते, बहुतेक त्याच्या पुष्कळ खाली असते, हे खरे. परंतु मर्यादा सर्वांना एकच असली तरी धान्य सर्वांच्या पोटात सारखे जात नाही. ज्याच्या ताटात दूध, फळे, भाजी, मांस आहे त्याची पोळी लहान असते. आणि जो झाडण खातो त्याच्या गव्हाचे पोते कोणी प्रयोगशाळेत पाठवलेले नसते.

धान्य तपासणे सोपे नाही, हेही येथे सांगितले पाहिजे. बुरशी थप्पीत सारखी पसरत नाही. छप्पर जेथे टपकले, भिंतीची ओल जेथे लागली, तेथे एक खिसा तयार होतो. शेजारचे पोते कोरडे ठणठणीत. नमुना काढणारा माणूस पोकळ सळई दोन-चार पोत्यांत खुपसतो, मूठभर दाणे काढतो आणि कागद भरतो. ते दोन-चार कोणते, हे पुष्कळदा हमालाला विचारून ठरत असते, आणि हमालाला मालकाने आधीच सांगितलेले असते. आम्ही हे प्रत्यक्ष पाहिले आहे. युरोपात आता नमुना पुष्कळ ठिकाणांहून थोडा थोडा घेऊन एकत्र दळतात आणि मग तपासतात; त्याला वेळ आणि पैसा लागतो, पण दुसरा इलाज नाही.

घरी काय करता येते, असा प्रश्न आम्हांला हटकून विचारला जातो. फार थोडे. शिजवल्याने, भाजल्याने, पाव केल्याने हे विष फारसे मोडत नाही. कॉफीचे बी कडक भाजताना त्यातले बरेच कमी होते, पण भाकरी काही कॉफीइतकी भाजत नाहीत. धुतल्याने वरची बुरशी जाते, दाण्यात उतरलेले विष राहते. उलटही घडते, बुरशी मरून, झडून गेलेली असते, दाणा स्वच्छ दिसतो आणि विष आत असते. कोंड्यात ते पिठापेक्षा अधिक असते. गठ्ठा झालेला, कुबट वासाचा दाणा निवडून टाकावा, कोंबडीला किंवा डुकरालाही घालू नये, एवढेच स्वयंपाकघराच्या हातात.

खरे काम त्याच्या कितीतरी आधीचे आहे. धान्यात शंभर भागांत चौदा भागांहून कमी पाणी असेल तर या बुरशीला तोंड वर काढता येत नाही. सतरा-अठराच्या पुढे गेले की तिचे राज्य सुरू होते. थंड देशांतली पेनिसिलियम तर उभ्या पिकात फारशी नसते. मळणीयंत्राच्या, वाळवणीच्या आणि कोठाराच्या धुळीत दबा धरून असते आणि ओल मिळण्याची वाट पाहते. म्हणजे प्रश्न छपराचा आहे, फरशीवर टाकायच्या लाकडी फळ्यांचा आहे, भिंत आणि थप्पी यांत हातभर जागा सोडण्याचा आहे, पहिल्या पावसाआधी गाळे झाडून धुळीचा थर काढण्याचा आहे. यातले प्रत्येक काम हमालाच्या हातून होते आणि प्रत्येकाचा खर्च मालकाच्या खिशातून जातो. म्हणून ती राहतात.

आपल्याकडे मूत्रपिंड निकामी होणाऱ्यांत मधुमेह आणि रक्तदाब हीच मोठी कारणे आहेत, हे डॉक्टर मित्रांनी आम्हांला बजावून सांगितले आहे, आणि घाबरून कोणी गहू सोडू नये. आमचे मागणे त्याहून लहान होते. झाडणाचा तो करार आम्ही पुन्हा उघडला. भिजलेले, गठ्ठा झालेले धान्य झाडणात मोजायचे नाही. ते वेगळे काढून, वजन करून, बाजार समितीच्या माणसासमोर नष्ट करायचे. आणि बायकांना त्या दिवसाची मजुरी रोख द्यायची, असा नवा कलम आम्ही मांडला. पहिल्या बैठकीला बायकाच आमच्या विरुद्ध उभ्या राहिल्या. “मिळालेलं तोंडचं काढून घ्यायला आलात होय, दादा?” असे त्यांतल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईने विचारले. तिने पूर्वी गुलाल लावला होता. आम्ही तिच्यासमोर पन्नास मात्रांचे हे गणित ज्वारीचे दाणे मांडून केले. रोज एक दाणा वाटीत, आणि पस्तीस दिवसांनी त्यातले निम्मे बाहेर. तिने वाटी हलवून पाहिली आणि म्हणाली, “मग मजुरी किती, ते आधी कागदावर घ्या.” त्या आकड्यावर बोलणी सात महिने चालली.